श्वास घेणारा चौकोन

"माझा मुलगा श्वास घेतोय," कुंदाकाकू म्हणाल्या. "आणि उद्या सकाळी त्याला नदीत सोडणार आहेत."

पंजाबरावांचा चहा बशीतून थेट पायजम्यावर गेला.

सत्यभामा निमकर मात्र हलली नाही. अमरावतीत राजापेठेत, एका स्टेशनरीच्या दुकानावर तिचं ऑफिस होतं. दहातली आठ कामं लग्नाआधीच्या चौकशीची. मुलगा खरंच पुण्याला नोकरीला आहे का, मुलीचं आधी कुठं ठरून मोडलंय का, असली. सत्यभामा स्वतः वलगावच्या भाजीवाल्या घरातली. वांग्यात कीड आहे की नाही हे तिला देठावरून कळायचं, आणि माणसांचंही साधारण तसंच. पंजाबराव तीस वर्षं एसटीचे ड्रायव्हर. आता तिची व्हॅन चालवायचे आणि, त्यांच्या मते, अर्धा तपासही तेच करायचे.

"काकू, मुलगा..."

"गेला. उद्या वर्ष होईल. गौरांग त्याचं नाव. मोटरसायकलवरून अकोल्याला निघाला होता. मूर्तिजापूरच्या अलीकडे ट्रकनं उडवलं." हे त्यांनी पाठ केलेला धडा म्हणावा तसं म्हटलं. वर्षभरात शंभरदा सांगितलं असणार.

"मग श्वास कोण घेतंय?"

"गोधडी."

"बाप्पा बाप्पा!" पंजाबरावांनी पाय खुर्चीवर घेतले.

काकूंनी सांगितलं ते असं. गौरांगचे बारा टीशर्ट घरात होते. टाकवत नव्हते, कुणाला देववत नव्हते. अकोटची रागिणी म्हणून एक बाई जुन्या टीशर्टांची गोधडी शिवून देते असं कळलं. तिला दिले. दिवाळीनंतर गोधडी आली. पांघरायला मन होईना, म्हणून गौरांगच्या खोलीत काठीवर टांगली.

"बारा चौकोन आहेत. मधल्या रांगेत एक पांढरा. रक्तदान शिबिराचा, लाल थेंब छापलेला. गेला त्या सकाळी अंगातून काढून खुंटीला टाकून गेला होता तो. मी धुतलाच नाही. रागिणीलाही म्हटलं, धुऊ नको. त्यावर चार डाग होते, तांबूस. सकाळी गाडीशी खटपट करत होता, गंजाचे असतील."

"होते?" सत्यभामानं विचारलं.

"गेले. मागच्या रविवारी मी बहिणीकडे अकोल्याला गेले, सोमवारी परतले. पाहते तर डाग नाहीत. न धुता! आणि दोन दिवसांनी तो चौकोन फुगायला लागला. छातीसारखा. वर होतो, खाली होतो. बाकीचे अकरा सपाट."

त्यांचे यजमान गोपाळकृष्णशास्त्री. शहरात पौरोहित्य करणारं जुनं घर. त्यांचं म्हणणं, जीव कापडात अडकलाय. उद्या वर्षश्राद्ध झालं की गोधडी वलगावला पेढी नदीत सोडायची.

"तो गौरांग असेल तर मी ती जाऊ देणार नाही. घर सोडावं लागलं तरी चालेल. नसेल तर तसं सांगा. पण खरं सांगा. मला धीर देणारे पुष्कळ आहेत."

"खरंच सांगीन," सत्यभामा म्हणाली.

अंबापेठेतल्या त्या घरात शिरताना पंजाबरावांनी खिशातली लिंबं चाचपली. दोन होती.

खोली लहान. पलंग, पुस्तकं, आणि समोरच्या भिंतीवर, खिडकीलगत, गोधडी. क्रिकेटचा निळा, कॉलेजच्या गॅदरिंगचा काळा, कुठल्याशा गणेशमंडळाचा भगवा. रांगेनं बसवलेले बारा चौकोन. एका माणसाची दहा वर्षं भिंतीला लावली होती.

पांढरा चौकोन हळूच वर उठला.

मग खाली बसला. क्षणभर तसाच राहिला आणि पुन्हा उठला. त्याच्यावरचा लाल थेंब पुढे यायचा, मागे जायचा. आवाज नाही, काही नाही.

"आता मले सांग, याले काय म्हनू मी?" पंजाबराव दारातूनच कुजबुजले. आत यायची त्यांची तयारी नव्हती.

सत्यभामानं खिडकी लावली. थोडा वेळ उभी राहिली. मग उघडली आणि पुन्हा उभी राहिली. नंतर एकेका चौकोनावर तळहात फिरवला. अकरा चौकोन खळ दिलेल्या कापडासारखे ताठ होते आणि प्रत्येकाच्या चारी कोपऱ्यांजवळ लाल दोऱ्याची बारीक गाठ होती. पांढऱ्यावर गाठ नव्हती. तो हाताला लुळा लागला, अंगातल्या कपड्यासारखा मऊ. त्याच्या कडेचा दोराही निराळा, जाड. तिनं अंगठा दोऱ्यावरून फिरवला आणि नाकाशी नेला.

"गुरुजींना भेटू?"

शास्त्रीबुवा देवघरात होते. साठीचा ताठ माणूस. बोटांच्या टोकांना अष्टगंध. समोर जुन्या पोथ्या पसरलेल्या. उसवलेल्या पोथ्या ते स्वतः नीट करायचे. मांडीशी एक बाड लाल बासनात बांधलेलं होतं. गाठ जरा सैल होती आणि लाल कापडाखाली पांढऱ्या कापडाची कड दिसत होती, पोथीच्या पानाइतकी सरळ आणि सपाट. पाहुणे आलेले पाहताच त्यांनी त्यावर हात ठेवला.

पंजाबराव पाया पडले. आशीर्वाद पुटपुटल्यासारखा झाला.

"हिनं बोलावलं का तुम्हाला? व्यर्थ आहे. मुलगा अतृप्त गेलाय. सोडून द्यायला हवं."

"अतृप्त का, गुरुजी?"

"पंचविसाव्या वर्षी जाणारा तृप्त असतो का?" शास्त्रीबुवांनी तोडून टाकलं.

"तो पांढरा टीशर्ट कुठला?"

"त्या शिबिरात तिघांनी रक्त दिलं होतं. मी, गौरांग आणि त्याचा मित्र शेखर. तिघांना एकेक मिळाला. मी कसला घालतो! माझा चंदाला देऊन टाकला. भांडी घासते ना, तिला."

"त्या दिवशी गौरांग निघाला तेव्हा घरात कोण होतं?"

"मी. ही भाजी आणायला गेली होती." ते थांबले. "नीट गेला."

मागे दारात काकू उभ्या होत्या. "हेच सांगतात वर्षभर. नीट गेला, नीट गेला."

अंगणात चंदा कढई घासत होती. सत्यभामानं तिला सहज विचारलं.

"मले टीशर्ट? नाई बा. या घरातून वर्षभरात चिंधी बी नाई भेटली."

तेवढ्यात फाटकातून शेखर आला. श्राद्धाचं सामान घेऊन. उंच, खंगलेला मुलगा. पिशव्या ठेवून त्यानं जॅकेट काढलं, तर आत तोच पांढरा टीशर्ट! छातीवर लाल थेंब.

पंजाबरावांनी सत्यभामाला कोपर मारलं. तिनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"रविवारी तू इथं आला होतास?"

"हो. काठीचा खिळा निघाला होता, तो ठोकला. अर्धा तास होतो खोलीत." त्याचे डोळे भरले. "खोटं कशाला बोलू? मी काकूंकडे तो टीशर्ट मागितला होता, शिवायला द्यायच्या आधी. त्यांनी नाही म्हटलं. उद्या गोधडी नदीत टाकणार असतील तर मला द्या म्हणावं. माझ्या घरी फुगू दे हवी तेवढी."

"तुझा तो टीशर्ट बघू, जरा इकडं फिर." तिनं त्याला पुढून-मागून पाहिलं. कुठं शिवण नाही, ठिगळ नाही. "बस झालं."

अकोटला रागिणीकडे जाताना वलगाव मागे पडेपर्यंत पंजाबराव गप्प होते. ही त्यांच्या मानानं कमाल होती.

"थो शेखर्‍याच हाय," शेवटी ते म्हणाले. "त्यानं टीशर्ट मांगला, बाईनं देला नाई. मंग गेला अन् काढून घेतला."

"मग फुगतं काय, काका?"

"फुगते तं भूतच. चोर शेखर अन् भूत गौरांग. दोनी हायेत."

"वा! म्हणजे दोन्ही फिया लावता येतील."

अंजनगावला त्यांनी चहा घेतला. अकोटात शिरले तेव्हा कापसाच्या गाड्यांनी रस्ता अडला होता आणि हवेत सरकीचा वास होता.

रागिणीचं काम घरातच चालायचं. दोन मशिनी, एक लांब टेबल, एक जड इस्त्री. बाई चाळिशीची, बोलायला फटकळ.

"माह्या शिवणीत खोट काढाले आले का तुमी?"

"नाही. शिकायला आलेय. टीशर्टाची गोधडी कशी करता ते दाखवा."

रागिणी जरा निवळली. तिनं एक जुना टीशर्ट कापून तुकडा टेबलावर टाकला. बघता बघता त्याच्या कडा आपोआप वर वळल्या आणि गुंडाळत गेल्या.

"पाह्यलं? हे विणलेलं कापड हाय. कापलं की वळते, ओढलं की लांबते, टांगलं की आपल्याच वजनानं लोंबते. तसंच शिवलं तं दोन दिवसांत पोट सुटते गोधडीले. म्हणून पहिले हे." तिनं पातळ पांढऱ्या अस्तराची गुंडाळी काढली. त्याची एक बाजू खरखरीत होती. "पेस्टिंग. शर्टाच्या कॉलरीत असते थेच. खरखरीत बाजू टीशर्टाच्या उलट्या अंगाले ठेवाची, वरून इस्त्री. घासाची नाई, दाबाची अन् उचलाची. छापा असला तं वर फडकं ठेवाचं, नाई तं छापा इस्त्रीले चिकटते. पेस्टिंग लागल्यावर मंगच चौकोन कापाचा."

तिनं तसं केलं आणि कापलं. हा तुकडा कार्डासारखा सपाट पडून राहिला. कडा जरासुद्धा हलल्या नाहीत.

"कधीच वळत नाही?"

"कापड झिजून जाईन, पन हे वळत नाई. मंग खाली कापूस, अन् चारी कोपऱ्यांले गाठी, म्हणजे थर सुटत नाई."

"अमरावतीच्या कुंदाकाकूंची गोधडी आठवते? एखादा चौकोन पेस्टिंगशिवाय राहिला असेल का?"

रागिणीनं इस्त्री आदळली. "बाई, मेलेल्या पोराचे कपडे होते थे! एकेक चौकोन लावताना मी रडून राहिली होती. देण्याच्या आधी फोटो काढते मी, हे पाहा."

फोनवर गोधडी होती. सत्यभामानं पांढरा चौकोन मोठा केला. चारी कोपऱ्यांत लाल गाठी. थेंबाच्या वर चार तांबूस डाग, शेजारी शेजारी. मधले दोन जरा उंचावर, कडेचे खाली.

"मी म्हनलं, धुऊन देऊ का? बाई म्हने, नको," रागिणी म्हणाली.

सत्यभामानं आपला हात पडद्यासमोर धरला. बोटं थोडी फाकवली. मग हात एकदम मागे घेतला.

"काय झालं?" पंजाबरावांनी विचारलं.

"काही नाही. चला काका."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पोचले तेव्हा गोधडी पांढऱ्या पंचात बांधून दाराशी ठेवली होती. पाटावर दर्भ, तीळ, पात्रं मांडलेली. काकू गाठोड्याला पाठ लावून बसल्या होत्या. त्यांच्या अंगावरून गेल्याशिवाय ते कुणाला उचलता आलं नसतं. शेखर भिंतीशी उभा. चंदा स्वयंपाकघराच्या दारात. शास्त्रीबुवा सोवळ्यात, मांडीशी लाल बासन.

"गुरुजी, पंधरा मिनिटं द्या," सत्यभामा म्हणाली. "मग तुम्ही म्हणाल तसं."

ती काकूंच्या समोर जमिनीवर बसली.

"आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. काकू, तिथं गौरांग नाही."

काकूंनी डोळे मिटले. "पुढं बोला."

"टीशर्टाचं कापड ताणतं. ते ताणू नये म्हणून रागिणीबाई प्रत्येकाला मागून पेस्टिंग लावतात, आणि थर सुटू नयेत म्हणून चार गाठी मारतात. त्यामुळे अकरा चौकोन सपाट आहेत. बाराव्याला पेस्टिंगही नाही, गाठीही नाहीत. तो टांगल्या टांगल्या ओघळला, सैल झाला. शेजारी खिडकी. कडेचे टाके लांब लांब आहेत, त्यांतून वारा शिरतो आणि तो उठतो. मी काल खिडकी लावली, श्वास थांबला. उघडली, सुरू झाला."

"पन डाग कसे गेले?" पंजाबरावांनी विचारलं.

"डाग गेले नाहीत, कापड गेलं. रागिणीबाईंच्या फोटोत डाग आहेत, गाठीही आहेत. म्हणजे गोधडी इथं आली तेव्हा ठीक होती. काकू अकोल्याला होत्या तेव्हा कुणीतरी तो चौकोन उसवून काढला आणि तसाच दुसरा हातानं शिवला. ज्याला पेस्टिंग नावाची गोष्ट असते हेच ठाऊक नाही, अशा माणसानं."

"म्हनून रागिणीबाई नाई," पंजाबराव म्हणाले. मग त्यांनी शेखरकडे बोट केलं. "मंग..."

"तसे टीशर्ट तीनच. एक गौरांगचा. दुसरा शेखरचा, तो काल त्याच्या अंगात अख्खा होता. तिसरा चंदाला दिला असं मला सांगितलं. चंदा?"

"मले नाई देला," चंदा हळूच म्हणाली.

पंजाबरावांचं बोट खाली आलं.

"चौकोनाचा दोरा जाड आहे आणि त्याला मेणाचा वास येतो. मेण लावलेला दोरा या घरात एकाच कामाला लागतो, पोथ्या शिवायला." सत्यभामाचा आवाज खाली आला. "आणि टीशर्ट कापला की त्याच्या कडा वळतात. फक्त पेस्टिंग लावलेला वळत नाही. काल त्या लाल बासनातून पांढऱ्या कापडाची कड दिसत होती. अगदी सपाट. गुरुजी, ते बासन दोन्ही दिवस तुमच्या मांडीशीच आहे."

काकू वळल्या. "तुम्ही?"

"पन कावून?" पंजाबरावांना राहवलं नाही. "बाप आपल्याच पोराचं कापड कावून चोरंल?"

"ते चार डाग गंजाचे नव्हते, काका. मी फोटोवर माझा हात धरून पाहिला. ती बोटं आहेत, अष्टगंधाची." ती शास्त्रीबुवांकडे वळली. "पुढचं मी सांगणं बरं नाही. ते तुमचं आहे."

शास्त्रीबुवांनी बासनाची गाठ सोडली. आत पोथी नव्हतीच. एक पांढरा चौकोन होता, लाल थेंबाचा, आणि त्यावर चार बोटांचे डाग.

"नमस्काराला वाकला होता," ते म्हणाले. "मी पूजेत होतो. आदल्या रात्री भांडण झालं होतं. त्याला अकोल्याच्या नोकरीला जायचं होतं, मला तो या पाटावर हवा होता. वाकला, तर मी त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला ढकललं. म्हटलं, जातोस तर माझ्या पाया पडू नकोस. त्यानं छातीकडे पाहिलं. आत गेला, टीशर्ट बदलला आणि गेला. आशीर्वादाचा हात होता हो हा! यानं ढकललं मी त्याला."

ते काकूंकडे वळले.

"नंतर तू ती गोधडी भिंतीला लावलीस. रोज समोर माझी बोटं. बघवेना. काढून नदीत टाकायला गेलो तर टाकवेना. मग पोथीच्या बासनात ठेवलं आणि तिथं माझा टीशर्ट शिवला. तो फुगायला लागला तेव्हा वाटलं, आला. जाब विचारायला आला. मला माफ नाही केलं त्यानं."

"आणि मला सांगत होतात, नीट गेला!" काकू ओरडल्या. "वर्षभर! मी विचारत होते, काही खाऊन गेला का, हसत होता का, आणि तुम्ही म्हणत होतात नीट गेला! मला वाटलं या घरात मी एकटीच वेडी झालेय. तुम्ही रडलातसुद्धा नाही म्हणून मी तुमचा राग राग केला!"

शास्त्रीबुवा ढसाढसा रडत होते. सोवळं, पाट, तीळ, कशाचंच भान नव्हतं. शेखरनं तोंड भिंतीकडे फिरवलं. पंजाबरावांनी खिशातली लिंबं काढून मुकाट्यानं खिडकीत ठेवली.

बऱ्याच वेळानं काकू उठल्या. त्यांनी यजमानांचा उजवा हात धरला आणि त्या डागांवर नेऊन ठेवला. चारही बोटं बरोबर बसली.

"वाकला ना तो?" त्यांनी विचारलं.

"हो."

"भांडण होऊनही वाकला. मग रागावून नाही गेला. एवढं जरी सांगितलं असतंत, तर मी जगले असते की वर्षभर नीट."

त्यांनी पंचाची गाठ सोडली आणि गोधडी पलंगावर पसरली. पांढऱ्या चौकोनावर त्यांचा हात थोडा वेळ थांबला.

"म्हणजे हा तुमचा. इतके दिवस मी तुमच्या छातीकडे बघून रडत होते."

नदीला कुणी गेलं नाही. श्राद्ध झालं, पिंड ठेवले, कावळा शिवला. जेवणं झाल्यावर काकूंनी सत्यभामाला अकोटला फोन लावायला सांगितला.

"रागिणीताई, गौरांगचा चौकोन सापडला. तो परत बसवायचाय. आणि त्याच्या शेजारी एक तेरावा घ्यायचा, ह्यांचा."

पलीकडून रागिणीनं मोठ्यानं विचारलं, "घेते ना! त्याले पेस्टिंग लावून घेऊ?"

काकूंनी खिडकीकडे पाहिलं. शास्त्रीबुवा तिथं बसून होते, थकलेले.

"गौरांगच्याला आहेच. ह्यांच्या तुकड्याला नको लावू. हलू दे त्याला."